केसपेपरवरचा एक शब्द : सशस्त्र दल वैद्यकीय सेवेच्या महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
महासंचालक,
सशस्त्र दल वैद्यकीय सेवा,
संरक्षण मंत्रालय, नवी दिल्ली.

विषय : लहानपणीचा दमा आणि सैन्यभरतीची वैद्यकीय पात्रता.

आदरणीय महासंचालक,

मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी २१ वर्षे दवाखाना चालवतो. गेल्या डिसेंबरात, ऊसतोडीचा हंगाम भरात असताना आणि पेटवलेल्या पाचटाचा धूर संध्याकाळी गावावर उतरत असताना, एक बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलाची छाती घुरघुरत होती, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती आणि श्वास सोडताना शिट्टी वाजत होती; त्या वर्षातला हा त्याचा तिसरा झटका होता. मशीनने दोनदा वाफ दिल्यावर पाऊण तासात तो शांत झाला आणि टेबलावरच्या स्टेथोस्कोपशी खेळू लागला. मी केसपेपरवर निदान लिहायला घेतले, तेव्हा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, तेवढं दमा असं लिहू नका. ह्याच्या वडलांना ह्याला फौजेत घालायचंय."

हे पत्र त्या विनंतीमुळे लिहितो आहे. मराठीत लिहितो आहे, कारण ते आपल्याइतकेच अशा आईवडिलांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे. शिवाय आपले सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून पुण्यात वानवडीला असल्यामुळे आपल्या सेवेत मराठी वाचणाऱ्यांची वानवा नसावी.

बाहेरच्या माणसाला ती विनंती विचित्र वाटेल, आमच्या जिल्ह्यात वाटत नाही. अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द लागतो तो उगाच नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यातच सुरू झाली. माण-खटावसारख्या कोरडवाहू भागात घरातला एक जण फौजेत असणे म्हणजे पाऊस हुकलेल्या वर्षीही चूल पेटण्याची हमी असे, आणि अग्निपथ योजनेने ती हमी चार वर्षांवर आणून ठेवल्यानंतरही गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या पोरांची रांग तुटलेली नाही. त्यामुळे सहा वर्षांच्या पोराच्या केसपेपरवरचा एक शब्द बारा वर्षांनी भरतीच्या मैदानावर उभा राहील, हा त्या आईचा हिशेब खुळा म्हणता येत नाही.

पण त्या हिशेबाची किंमत मुलगा आजच मोजतो आहे. दम्याच्या मुलाला नियमित लागतो तो श्वासनळ्यांची सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप, अगदी कमी मात्रेत, स्पेसर (औषध नीट छातीत जावे म्हणून पंपाला जोडायची नळी) लावून. आमच्याकडे पंपाबद्दल आधीच दोन भीती आहेत : पंपाची सवय लागते ही एक आणि पंप म्हणजे शेवटचा उपाय ही दुसरी. या दोन्ही भीती मी चहाच्या पेल्याच्या वेळात समजावून घालवू शकतो. तिसरी भीती, "पंप लागला की भरतीतून बाद", तिच्यापुढे मात्र माझे काही चालत नाही, कारण ती खोटी आहे असे मी शपथेवर सांगू शकत नाही. मग आईवडील पंप नाकारतात, झटका आला की वाफ देऊन नेतात, मध्यंतरी कोणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्यांची पुडी चालू असते, आणि ज्या दम्यावर वेळच्या वेळी ताबा आला असता तो दम धरून राहतो. सैन्याच्या निकषाचा हेतू फौजेत निरोगी छाती यावी हा असेल. आमच्या गावात त्याचा परिणाम निम्म्या उपचारावर वाढलेली छाती तयार करण्यात होतो आहे.

यात माझा हात स्वच्छ नाही. मी असंख्य केसपेपरवर 'अ‍ॅलर्जिक ब्रॉन्कायटिस' असे लिहिले आहे, जेथे मला दमा म्हणायचे होते. 'बालदमा' हा शब्द आमच्याकडे सर्रास वापरला जातो, तो काहीसा मऊ वाटतो म्हणून. पण भरतीची चाहूल लागलेल्या घरात तोही चालत नाही. निदान सौम्य शब्दांत लिहिणे ही डॉक्टरांची जुनी सवय आहे आणि तिला आम्ही माणुसकी म्हणतो, परंतु पुढच्या डॉक्टरला त्या कागदावरून मुलाचा इतिहास कळत नाही, हे त्या माणुसकीत बसत नाही.

येथे गैरसमज नको म्हणून आधीच स्पष्ट करतो : दमा असलेल्यांना सैन्यात सरसकट घ्या, असे मी म्हणत नाही. थंड आणि कोरडी हवा श्वासनळ्या आवळते. लडाखात आणि सियाचीनवर तीच हवा श्वासागणिक घ्यावी लागते, तीही पाठीवर ओझे घेऊन चढताना. राजस्थानातली धूळ, बारुदाचा धूर, अश्रुधुराचा सराव, रात्रभर ओल्या खंदकात बसणे, यांतली प्रत्येक गोष्ट दम्याला निमंत्रण आहे, आणि झटका आलेल्या जवानाला खांद्यावर घेऊन उतरवणारे आणखी चार जवान त्या क्षणी लढाईतून कमी होतात. ऑलिंपिकमधले कितीतरी धावपटू आणि पोहणारे दमेकरी असतात, हे उदाहरण मला पालक नेहमी ऐकवतात. ते खरे आहे. पण धावपटूच्या शर्यतीची तारीख ठरलेली असते, डॉक्टर मैदानाच्या कडेला असतो आणि त्रास झाला तर शर्यत सोडता येते.

लहानपणी गेलेला दमा परत येत नाही, असेही नाही. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा तेथील संशोधक वर्षानुवर्षे करत आले आहेत. त्यांतील ६१३ जणांची श्वसनाची पूर्ण माहिती २००३ साली प्रसिद्ध झाली. त्यापैकी ८९ जणांची घरघर लहानपणापासून २६ व्या वर्षापर्यंत टिकून राहिली. १६८ जणांची मध्ये थांबली, पण या १६८ मधल्या ७६ जणांना ती २६ वर्षांच्या आत पुन्हा सुरू झाली. म्हणजे थांबलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची, आणि तीही नेमकी जवान बंदूक हातात धरतो त्या वयात. त्यामुळे "आता काही त्रास नाही, साहेब" या उमेदवाराच्या वाक्यावर आपले मंडळ लगेच विश्वास ठेवत नसेल, तर त्यात वैद्यकीय शहाणपण आहे हे मला मान्य आहे. त्याशिवाय कायद्याची बाजू आहेच. धरमवीर सिंग या जवानाच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली असे ठरवले की भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती तो पुढे सेवेत उद्भवला, तर भरतीच्या वेळी जवान निरोगी होता असेच धरायचे, आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर. ते प्रकरण फिट्‌सचे होते, पण तत्त्व दम्यालाही लागू पडते. दारात नीट विचारणा आणि नीट नोंद व्हावी, यात आपले आणि जवानाचे, दोघांचेही हित आहे.

माझी तक्रार ती विचारणा ज्या रीतीने होते तिच्याबद्दल आहे.

भरतीचा क्रम पाहा. अग्निवीर जनरल ड्यूटीसाठी आधी संगणकावरची सामाईक परीक्षा, मग मैदान : १.६ किलोमीटर धावणे, ज्यात पूर्ण ६० गुण हवे असतील तर साडेपाच मिनिटांच्या आत यावे लागते; मग बीमवरचे पुलअप, नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडणे, नागमोडी पट्टीवर तोल सांभाळणे. हे सगळे झाल्यावर शेवटी मेडिकल. तेथे छातीला स्टेथोस्कोप लागतो, एक्स-रे निघतो आणि पूर्वीच्या आजारांबद्दल विचारले जाते. आपल्याला हे सांगणे म्हणजे सूर्याला काजवा दाखवणे आहे, पण वाचकांसाठी लिहितो : दोन झटक्यांच्या मधल्या काळात दमेकऱ्याची छाती ऐकायला अगदी स्वच्छ असू शकते आणि एक्स-रेही निर्दोष येतो. मैदानावर जाण्याआधी सालब्युटामॉल या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचे दोन झुरके घेतलेला मुलगा साडेपाच मिनिटांत आरामात येतो. अशा उमेदवाराचा दमा ओळखण्याचे मेडिकलच्या टेबलावर मुख्य साधन उरते ते एकच, त्याचे स्वतःचे उत्तर.

आणि उत्तराचा परिणाम काय होतो हे गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. माझ्या दवाखान्यातले दोघे एकाच आळीतले. पहिल्याला चार वर्षांचा असेपर्यंत सर्दी झाली की घरघर होई. पाचव्या वर्षानंतर त्याने माझ्या दवाखान्याची पायरी या कारणासाठी चढलेली नाही. मैदान निघाले, मेडिकलला त्याला विचारले गेले, त्याने खरे सांगितले, आणि तो अपात्र ठरून परत आला. दुसऱ्याला आजही थंडीत पंप लागतो, त्याची जुनी फाइल माझ्याकडेच आहे. त्याने "काही नाही" असे सांगितले आणि तो पास झाला. पहिल्याचे वडील मला विचारायला आले होते की पोराला खरे बोलायला कोणी सांगितले होते. शाळेत शिकवले असेल, असे मी म्हणालो आणि दोघेही गप्प बसलो. दुसऱ्याची मला रोज चिंता वाटते. तो कोणत्या उंचीवर असेल, त्याच्याजवळ पंप असेल का, आणि असला तरी तो चारचौघांत बाहेर काढण्याची त्याला हिंमत होईल का, कारण पंप बाहेर काढणे म्हणजे भरतीच्या वेळी खोटे सांगितल्याची कबुली देणे.

या दोघांच्या बाबतीत आपल्या चाळणीने दमा अडवला नाही, खरे बोलणे अडवले. एखादा निकष कितीही योग्य असो, तो तपासण्याची पद्धत अशी असेल की लपवणारा आत जातो आणि सांगणारा बाहेर राहतो, तर काही वर्षांत सांगणारे संपतात. आमच्याकडे ते संपत आले आहेत. काही भरती अकॅडम्यांत मुलांना गोळाफेक आणि धावण्याबरोबर मेडिकलला काय बोलायचे याचीही उजळणी करून घेतात.

आता लेखी निकषाकडे येतो. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) जाहिरातीला जोडलेल्या वैद्यकीय निकषांत दम्याचे किंवा घरघरीचे वारंवार झटके आल्याचा इतिहास हे नाकारण्याचे कारण म्हणून दिलेले आहे. 'वारंवार' म्हणजे किती वेळा, आणि आयुष्यातल्या कोणत्या वयातले, हे ते वाक्य वाचून उमेदवाराला उमगत नाही. दोन वर्षांच्या बाळाला पावसाळ्यात तीनदा वाफ द्यावी लागली, तर ते वारंवार आहे काय? घरघर म्हणजे दमा, असे मानून ते एकाच ओळीत यावेत, हेही वैद्यकशास्त्राला धरून नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातील टुसॉन शहरात १९८० पासून जन्मतःच नोंदवलेल्या मुलांचा अभ्यास झाला आणि त्यातील ८२६ मुलांची सहाव्या वर्षापर्यंतची माहिती १९९५ साली प्रसिद्ध झाली. त्यात ५१.५ टक्के मुलांना घरघर झालीच नाही, १९.९ टक्के मुलांना ती पहिल्या तीन वर्षांत झाली आणि सहाव्या वर्षी नव्हती, १५ टक्के मुलांना तीन वर्षांनंतर सुरू झाली, आणि १३.७ टक्के मुलांना आधीही होती व सहाव्या वर्षीही होती. पहिल्या तीन वर्षांतच घरघर होऊन थांबलेली जी मुले, त्यांच्या श्वासनळ्या जन्मतः अरुंद असतात, प्रत्येक सर्दी छातीत उतरते, आणि अंग वाढले की नळ्याही रुंद होतात. या मुलांना दमेकऱ्यांच्या रांगेत उभे करणे म्हणजे लहानपणी बोबडे बोलत होता म्हणून मोठेपणी वकिली नाकारण्यासारखे आहे.

ड्युनेडिनमधल्या ज्या ७६ जणांचा आकडा मी वर दिला तो टुसॉनच्या आकड्याला खोडत नाही. त्या अभ्यासात घरघरीची पद्धतशीर विचारणा मुले नऊ वर्षांची झाल्यापासून सुरू झाली होती. म्हणजे शाळकरी वयातला दमा हा परत येणारा आणि बाळपणातली घरघर ही बहुतेकदा निरोप घेणारी, असा या दोन अभ्यासांचा एकत्र अर्थ मी लावतो. वय हीच येथे खरी रेषा आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ती रेषा तेराव्या वाढदिवसावर ओढली आहे : तेरा पूर्ण झाल्यानंतर दमा असल्यास अपात्र, त्याआधीचा दमा केवळ तेवढ्यावरून अपात्र नाही, आणि तेरानंतरचा असला तरी सूट मागण्याची वाट खुली. आपण तेराच घ्यावे असा माझा आग्रह नाही. त्यांची हवा वेगळी, त्यांच्याकडची निदानाची शिस्त वेगळी, आणि आपल्याला हिमालयात जितके पाय रोवून उभे राहावे लागते तितके त्यांना लागत नाही. आपण दहा घ्या, आठ घ्या, हवे तर सहा घ्या. पण आकडा लिहा. आकडा लिहिलेला असेल तर सहा वर्षांच्या मुलाच्या आईला मी सांगू शकेन की या वयातल्या कागदाला घाबरू नका, आणि पंधराव्या वर्षी पंप घेणाऱ्या मुलाला सांगू शकेन की बाबा, ही वाट तुझी नाही, दुसरी शोध.

खरे तर दम्याची प्रतवारी कशी करायची हे आपल्या सेवेला शिकवण्याची गरजच नाही. सेवेत असताना दमा जडलेल्या जवानाला आपण एका शब्दाने घरी पाठवत नाही. मन, कान, हातपाय, शारीरिक क्षमता आणि डोळे या पाच बाजूंनी तोलणारी 'शेप' ही आपली पद्धत आहे. दम्याच्या जवानाची शारीरिक क्षमतेची श्रेणी खाली येते, त्याला उंचावर किंवा अति थंडीत पाठवण्यावर बंधने येतात आणि ठरावीक मुदतीने पुन्हा तपासणी होते. तीव्रता, वारंवारता, फुंकरीचे आकडे, औषधाची मात्रा हे सगळे तेथे पाहिले जाते. नव्या उमेदवाराला जवानाइतकीच मोकळीक द्यावी असे कोणी म्हणणार नाही. कमी श्रेणीचा माणूस नव्याने भरती करण्यात अर्थ नाही. पण आत जे मोजमाप चालते त्यातले थोडेसे दारातही चालावे.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की ज्या उमेदवाराने लहानपणीचा दमा किंवा घरघर स्वतःहून सांगितली असेल आणि जो बाकी सर्व बाबतींत पात्र असेल, त्याचा निकाल शब्दावर न लावता श्वासावर लावावा. स्पायरोमेट्रीला अर्धा-पाऊण तास लागतो : उमेदवार पूर्ण छाती भरून जोराने फुंकतो, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली ते मोजले जाते, मग सालब्युटामॉल देऊन पंधरा मिनिटांनी तीच फुंकर पुन्हा. दुसऱ्या वेळी आकडा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढला, तर श्वासनळ्या आवळलेल्या होत्या हे उघड होते. ही चाचणी निर्दोष आली तरी दमा नाहीच असे म्हणता येत नाही, हे मला ठाऊक आहे. अशा वेळी व्यायामानंतरची किंवा मेथाकोलिनची (श्वासनळ्या औषधाने मुद्दाम आवळून पाहण्याची) चाचणी हा पुढचा टप्पा आहे. हजारो मुलांच्या मेळाव्यात हे कसे करणार, असे विचारले जाईल. हजारोंचे करायचेच नाही. मैदान आणि परीक्षा पार करून शेवटपर्यंत आलेल्यांतून ज्यांनी इतिहास सांगितला, तेवढ्यांचेच करायचे आहे. आज अपात्र ठरलेल्यांना लष्करी रुग्णालयात तज्ज्ञांकडे पाठवण्याची तरतूद आहेच. अधिकारी प्रवेशासाठी तर ४२ दिवसांच्या आत अपील मंडळ भरते आणि त्यावरची पुनर्विलोकन मंडळे दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात आणि पुण्याच्या आपल्या महाविद्यालयात बसतात. छातीच्या विकारांसाठी आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ कार्डिओ-थोरॅसिक सायन्सेस ही खास संस्थाही पुण्यातच आहे. यंत्रे आहेत, तज्ज्ञ आहेत, खुर्च्या मांडलेल्या आहेत. त्या खुर्च्यांपुढे बसणाऱ्या मुलाच्या हातात "दम्याचा इतिहास" एवढेच लिहिलेला कागद न देता, कोणत्या चाचणीत कोणता आकडा आला आणि तो कोणत्या मर्यादेत बसला नाही, हे लिहिलेला कागद मिळावा.

मैदानाबद्दल एक सूचना करण्याचा मोह आवरत नाही. व्यायामाने श्वासनळ्या आवळल्या जाण्याचा जोर धावणे थांबल्यानंतर साधारण पाच ते पंधरा मिनिटांत सर्वाधिक असतो. आपल्या मेळाव्यात प्रत्येक उमेदवार १.६ किलोमीटर जिवाच्या आकांताने धावतोच. म्हणजे व्यायामाची चाचणी आपण आधीच घेत आहात, फक्त तिचे वाचन घेत नाही. पीक फ्लो मीटर हे प्लास्टिकच्या नळीचे साधे उपकरण आहे, त्याला वीज लागत नाही. धावण्यापूर्वी एक फुंकर आणि दहा मिनिटांनी एक फुंकर घेतली, तर निदान न झालेल्या काही मुलांचा दमा तेथेच लक्षात येईल, ज्यांना स्वतःलाही तो माहीत नसतो. धावण्याआधी पंप ओढून आलेला त्यातून सुटेल, हे खरे. त्याला पकडण्याचा उपाय मीटरमध्ये नाही. त्याला लपवावेसे वाटू नये, असे नियम करण्यात तो आहे.

दुसरी मागणी वेळेची आहे. आमच्या भागातला मुलगा दहावी झाली की अकॅडमीत राहायला जातो. फी, खाणावळ, बूट, दूध-अंडी यांत घरची दोन-अडीच वर्षांची बचत जाते. कित्येकदा एखादे जनावर विकलेले असते. एवढे झाल्यावर मेडिकलच्या दिवशी समजते की हे दार त्याच्यासाठी पहिल्या दिवसापासूनच बंद होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये बहुतेक जिल्ह्यांत आहेत, एनसीसीच्या तुकड्या महाविद्यालयांत आहेत, निवृत्त लष्करी डॉक्टर साताऱ्या-कोल्हापुरात पुष्कळ आहेत. सोळाव्या-सतराव्या वर्षी, पैसे आणि उमेद खर्च होण्याआधी, बंधनकारक नसलेली पूर्वतपासणी तेथे करता आली तर ज्याला जमणार नाही तो वेळेत आयटीआयला किंवा नर्सिंगला जाईल. अकॅडमीचालकांनाही याच पत्रातून सांगतो की पहिली फी घेण्याआधी मुलाला दमा आहे का हे विचारा, आणि असेल तर त्याला डॉक्टरकडे पाठवा. पहाटेच्या थंडीत, पाचटाच्या धुरात, धाप लागलेल्या मुलाला "अजून दोन राउंड" म्हणणे हे प्रशिक्षण नव्हे. या तपासणीत मुलीही याव्यात; २०२२ पासून त्या एनडीएतही जात आहेत, आणि मुलीचा दमा लपवण्याची घरची कारणे लग्नामुळे दुप्पट असतात, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

तिसरी मागणी सगळ्यांत स्वस्त आहे आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वैद्यकीय निकषांचा दम्यापुरता भाग सोप्या मराठीत, तसाच इतर भाषांतही, एका पानावर छापून भरती कार्यालयांत, सैनिक शाळांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत लावावा. त्यात वयाची रेषा असावी, काय मोजले जाईल ते असावे, खोटे सांगून भरती झाल्यास काय होते ते असावे, आणि एक वाक्य ठळक असावे : लहानपणी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेला पंप हे स्वतःहून अपात्रतेचे कारण नाही. हे वाक्य आपल्याला आज लिहिता येत नसेल, तर ते खरे ठरेल असा निकष आधी करावा. त्या एका वाक्याने किती मुलांच्या छातीवर वेळेवर उपचार होतील, याचा अंदाज आपल्या सेवेतल्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञाला बांधता येईल.

डिसेंबरातल्या त्या मुलाची आई दर महिन्याला आठवडी बाजाराच्या दिवशी येते. मी त्या दिवशी केसपेपरवर 'दमा' असेच लिहिले, पहिल्यांदाच कोणाची समजूत न घालता, आणि स्पेसर लावून पंप कसा घ्यायचा ते मुलाला शिकवले. तो आता शाळेत जातो, खेळतो, आणि या हिवाळ्याच्या उरलेल्या दिवसांत त्याला पुन्हा वाफ लागलेली नाही. आई दर वेळी तोच प्रश्न विचारते, की हा कागद पुढे आडवा येईल का. मी दर वेळी सांगतो की दिल्लीला विचारले आहे.

आपला नम्र,
सातारा जिल्ह्यातील एक डॉक्टर